वस्ती तसे ताट : मुंबईची एक वेगळी सहल

मुंबईची सहल म्हटली की गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग, नेहरू विज्ञान केंद्र आणि संध्याकाळी चौपाटीवरची भेळ असा कार्यक्रम ठरलेला असतो. आमच्या शाळेच्या सहलीही आजवर अशाच झाल्या. या खेपेस मात्र आठवी-नववीची बावीस मुले आणि आम्ही चार शिक्षक यांनी निराळा बेत केला. प्रेक्षणीय स्थळे बाजूला ठेवायची, दोन दिवस मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून पायी हिंडायचे आणि ज्या वस्तीत जाऊ तिथले खायचे.

काही पालकांना हा नुसता चैनीचा बेत वाटला. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही मुलांना एकेक वही दिली आणि तीन प्रश्न लिहून दिले. या वस्तीत कोण येऊन राहिले? ते कोणत्या कामासाठी आले? आणि त्यांच्यासाठी रांधत कोण होते? प्रत्येक ठिकाणी खाण्याआधी नाहीतर खाल्ल्यानंतर या प्रश्नांची उत्तरे शोधायची, एवढीच अट होती. हे तीन प्रश्न घेऊन हिंडले की शहर कसे उलगडत जाते, ते सांगण्यासाठी हा लेख.

गिरगाव : 'आरोग्य' आणि 'स्वच्छ' या शब्दांचे कोडे

मुंबई सेंट्रलला उतरून आम्ही पहिल्यांदा गिरगावात गेलो. ठाकूरद्वारजवळचे 'विनय हेल्थ होम' १९४० पासूनचे. तिथे बसताच आठवीतल्या एका मुलीने सवयीने सेव-उसळ मागितली. वाढणारे काका हसून म्हणाले, "बाळ, ती तुमच्या बडोद्याला. इथे मिसळ." आम्ही कुठून आलो ते त्यांनी एका शब्दावरून ओळखले! मुलगी जरा हिरमुसली. घरी आपण मराठी, बाहेर सगळे गुजराती, हे तिला ठाऊक होते. पण मराठी मुलखात आल्यावर आपले मराठीही 'तिकडचे' ठरते, हे तिला नवे होते.

मिसळ आली आणि मुलांनी तुलना सुरू केली. आपल्या सेव-उसळीत पांढरे वाटाणे, वर तिखट तरी आणि शेव. इथे मोड आलेल्या कडधान्याची उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू. पाव दोन्हीकडे. बहिणी-बहिणी शोभाव्यात अशा या दोन बशा.

मग वह्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकात मुंबई झपाट्याने वाढली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत कापडाच्या गिरण्या निघाल्या, कचेऱ्या वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे नोकरीसाठी आली. बरेच पुरुष एकटे आले, बायकामुले गावी. चाळीत खोली मिळे, पण चूल कोण पेटवणार? त्यातून खाणावळी निघाल्या आणि मग उपाहारगृहे.

एका मुलाने चांगली शंका काढली. खाण्याच्या दुकानाला 'हेल्थ होम' का म्हणायचे? गिरगावातच 'आरोग्यभुवन' अशी पाटी आहे. दादर स्टेशनासमोर मामा काण्यांचे 'स्वच्छ उपाहारगृह' १९१० पासून आहे. याचे कारण त्या काळच्या ग्राहकाच्या मनात आहे. घरचे सोडून बाहेरचे खाणे तेव्हा कमीपणाचे समजत. बाहेरचे म्हणजे अस्वच्छ, पोट बिघडवणारे आणि सोवळ्याओवळ्याच्या दृष्टीनेही शंकास्पद. अशा माणसाला पायरी चढायला लावायची, तर पाटीनेच धीर द्यायला हवा होता. आज त्या पाटीकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी घर सोडून आलेल्या माणसाची धाकधूक तिच्यात अजून वाचता येते.

गिरगावातच खोताची वाडी आहे. लाकडी जिने, कौलारू छपरे आणि पुढे ओटे असलेली जुनी घरे. इथे ईस्ट इंडियन समाजाची वस्ती आहे. हे लोक धर्माने ख्रिस्ती, पण मूळचे इथलेच, आणि त्यांची घरची बोली मराठीची. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी मुलांना 'बॉटल मसाल्या'ची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणून नाव बॉटल मसाला. मासे, मटण, भाजी, सगळ्याला हाच. "आमच्याकडे घराघराचं माप वेगळं असतं, आणि ते कोणी कोणाला सांगत नाही," असे म्हणून आजी हसल्या. मराठी बोलणारे म्हणजे कोण, याचे उत्तर मुलांच्या वहीत त्या दिवशी थोडे मोठे झाले.

धोबी तलाव : चौथा प्रश्न

गिरगावातून चालत आम्ही धोबी तलावाला आलो. मेट्रो सिनेमाच्या समोरच्या अंगाला 'कयानी आणि कंपनी' हे इराण्याचे हॉटेल १९०४ पासून आहे. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटे. आम्ही कडक ब्रुन पाव, मस्का आणि चहा मागवला. ब्रुन पाव चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाही, हे दोघांना दाताने शिकावे लागले.

इथले मालक म्हणजे इराणच्या यझ्द, केरमान या भागांतून आलेले झरतुष्ट्री. आपल्याकडे नवसारी-संजाणला येऊन राहिलेले पारशी शेकडो वर्षांपूर्वीचे. हे इराणी त्यांच्याच धर्माचे, पण बरेच नंतर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे आलेले. त्यांची दुकाने नेमकी रस्त्याच्या कोपऱ्यावर का असतात? कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असे सांगतात. दोन्ही रस्त्यांवरची गिऱ्हाइके मिळाली, हा त्यांचा फायदा. कारकून, कामगार, टॅक्सीवाले, विद्यार्थी सगळे इथे येत; एका चहावर तासभर बसता येई.

इथे नववीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "बाई, इथे कोणालाही बसू देत होते का? आणि गिरगावच्या खाणावळीत?"

प्रश्न अवघड होता, पण टाळण्यासारखा नव्हता. जुन्या मुंबईत 'ब्राह्मणांची खाणावळ', 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या असत. त्याचा अर्थ, बाकीच्यांनी आत येऊ नये. इराण्याची हॉटेले त्या मानाने मोकळी, म्हणून शहराच्या जीवनात त्यांना मोठे स्थान मिळाले. आणि मुंबईचे कशाला, आपल्या बडोद्याचेच पाहा. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, आणि जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. सयाजीबागेत बसून त्यांनी काढलेले ते तास आपल्या शहराच्या इतिहासात आहेत. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. इराण्याचे मोकळे टेबलही इथलेच आणि ती पारशी धर्मशाळाही इथलीच. म्हणून अमुक समाज मोकळा आणि तमुक कोता असे लिहून टाकता येत नाही.

त्या दिवशी वहीत चौथा प्रश्न लिहिला गेला : दार कोणासाठी बंद होते?

काळबादेवी : गुजराती कामी आली

संध्याकाळी काळबादेवीत गेलो. मूळजी जेठा मार्केटचा कापडबाजार जवळच. इथे गुजरातेतून व्यापारी, दलाल, गुमास्ते आले. त्यांच्यातलेही पुष्कळ घर गावी ठेवून आलेले. त्यांच्यासाठी या गल्ल्यांतून विश्या निघाल्या. गुजरातीत खाणावळीला 'वीशी' म्हणतात हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. 'श्री ठाकर भोजनालय' १९४५ पासूनचे. अरुंद जिना चढून वर गेलो, की ताटे मांडलेली.

सकाळी हिरमुसलेली ती मुलगी इथे खुलली. वाढणाऱ्यांशी ती अस्खलित गुजरातीत बोलू लागली, कढी गोड का, फरसाण आज कोणते, हे विचारू लागली. जिन्यावरून उतरताना म्हणाली, "सर, सकाळी मी बाहेरची होते, आता घरची झाले. दोन्ही एकाच दिवसात!" यावर आम्ही काही बोललो नाही. दोन भाषांच्या मध्ये वाढलेल्या मुलांना हे असेच कळत जाते.

माटुंगा : बोर्डिंग, देऊळ आणि शाळा

दुसऱ्या दिवशी सकाळी माटुंग्याला गेलो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीत माणसे पटापट मेली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पुढे दादर-माटुंगा भागात आखून-रेखून, रुंद रस्ते सोडून नवी वस्ती वसवली. नेमक्या त्याच सुमारास दक्षिणेतून शिकलेले तरुण लेखनिक, हिशेबनीस, टंकलेखक म्हणून येत होते. त्यांनी माटुंगा धरले.

सकाळी कॉफी, इडली आणि डोसा झाला. दुपारी स्टेशनाजवळच्या ए. रामा नायक यांच्या 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग'मध्ये केळीच्या पानावर जेवलो. हे १९४२ पासूनचे. भात, सांबार, रसम, भाज्या, ताक, सगळे पोटभर. मुलांनी पाटीवरचा 'बोर्डिंग' हा शब्द लगेच टिपला. हॉटेलात माणूस आज येतो, उद्या येत नाही. बोर्डिंगात तो रोज दोन वेळा येतो. गिरगावची खाणावळ, काळबादेवीची वीशी आणि माटुंग्याचे बोर्डिंग हे तीन भाषांतले शब्द, काम मात्र एकच : घर सोडून आलेल्याला रोजचे जेवण घालणे.

माटुंग्यात फिरताना देवळे दिसली, फुलांच्या आणि केळीच्या पानांच्या गाड्या दिसल्या आणि साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीचे नावही दिसले. ती संस्था १९३२ सालची. मुलांना गंमत वाटली. परक्या गावी आलेल्या माणसांनी आधी जेवणाची सोय केली, देऊळ बांधले आणि मुले मोठी होऊ लागली तेव्हा शाळा काढली. आपली शाळा याहून वेगळ्या रीतीने निघाली आहे काय?

लालबाग : जेवणाऱ्याची नोकरी आणि रांधणारीची

शेवटचा मुक्काम लालबाग. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजीची बहीण इथल्या चाळीत राहते. सगळ्यांनी त्यांना मावशीच म्हटले. मावशी आणि त्यांचे यजमान सिंधुदुर्गातले. यजमान गिरणीत, आणि मावशी घरच्या दहा बाय बाराच्या खोलीत अठरा माणसांची खाणावळ चालवत. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. गावाच्या मंडळाने घेतलेल्या एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत आणि पाळीप्रमाणे मावशींकडे जेवत. भात, आमटी, चपात्या, एखादी उसळ, रविवारी मासळी. पैसे महिन्याच्या पगाराला.

अशा हजारो बायका गिरणगावात रांधत होत्या, पण त्यांना कोणी कामगार म्हणत नसे. सामान आणायला त्या सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घेत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना एकत्र केले आणि बँकेची कर्जे मिळवून दिली. मावशी त्या मंडळाच्या सभांना जाऊन आलेल्या.

मग १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत नेते होते, सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळ गिरण्या पुढे बंद पडल्या. मावशींनी जेवणाऱ्यांना पहिले पाच महिने उधारीवर वाढले. "ताटावर बसलेल्याला उठ कसं म्हणायचं?" मग वाणी सामान देईना. एकेक माणूस गावी गेला. मावशींची जुनी वही अजून आहे. त्यांनी ती दाखवली. काही नावांपुढे 'पोचले' असे लिहिले आहे. दोघांनी तर सात-आठ वर्षांनी मुद्दाम येऊन पैसे दिले. निम्म्या नावांपुढे काही नाही.

"जेवणाऱ्याची नोकरी गेली की रांधणारीचीही जाते. तिची बातमी मात्र पेपरात येत नाही," असे त्या अगदी सहज बोलल्या. त्यांची सून आज लोअर परळला एका कचेरीत कामाला आहे. आसपास पूर्वी गिरण्या होत्या. फिनिक्स मिलच्या जागेत आता मॉल आहे. सून डबा घरून नेते.

लालबागच्या बाजारात अजून मिरच्यांची पोती आणि मसाला कांडपाची यंत्रे आहेत, चिवडा गल्ली आहे. मसाला कुटून घ्यायला उन्हाळ्यात इथे रांगा लागतात. घरगुती खाणावळी मात्र थोड्याच राहिल्या आहेत. मुलांच्या लक्षात आले, की दोन दिवसांत आपण पाहिलेली सगळी ठिकाणे कोणाच्या तरी नोकरीवर उभी होती. ती नोकरी, ती वस्ती टिकली तर ताट टिकते. नाहीतर पाटी उतरते.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही सुट्टीत कुटुंबासह मुंबईला गेलात तर आमच्या अनुभवाचा उपयोग होईल.

एका दिवसात दोन, फार तर तीन वस्त्या घ्याव्यात आणि पायी हिंडावे. प्रत्येक ठिकाणी एक पदार्थ चौघांत वाटून घ्यावा, म्हणजे पुढच्या ठिकाणासाठी भूक उरते. जुन्या उपाहारगृहांच्या वेळा आणि सुट्टीचे वार ठरलेले असतात. आधी चौकशी करावी. सुटे पैसे जवळ ठेवावेत. गर्दीच्या वेळी खाऊन झाल्यावर टेबल अडवून बसू नये. तिथे रोज जेवणारी माणसे उभी असतात. कोणाच्या चाळीत, वाडीत किंवा वाढण्याच्या जागी विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. ते त्यांचे घर आहे, प्रदर्शन नव्हे. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी मिनारा मशिदीजवळ मालपुवे आणि फिरनी खायला सर्व धर्मांचे लोक जातात. तिथे मात्र उपास सुटून थोडा वेळ झाल्यावर जावे, आधी त्यांना पोटभर खाऊ द्यावे.

आणि नुसत्या नावावर जाऊ नये. 'कोळंबी कोळीवाडा' हा पदार्थ कोळ्यांचा वाटतो. पण ते नाव सायन कोळीवाड्याचे, जिथे फाळणीनंतर पंजाबी निर्वासित येऊन राहिले आणि हा तळलेला प्रकार त्यांनी रूढ केला. वडापाव तर अस्सल मराठी म्हणावा, पण 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले!

परत आल्यावर

परतल्यावर मुलांनी तेच चार प्रश्न दांडिया बाजाराला विचारायचे ठरवले. पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी होती. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर शिपाई, कारकून आले, भिक्षुक आले, पुढे सयाजीरावांच्या काळात शिक्षक, वकील, कलावंत आले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सगळे अडले. शाळेजवळ पूर्वी एका विधवा बाईंची खाणावळ होती, बाहेरगावची मुले तिथे जेवून शिकली, एवढे तीन आजोबांनी सांगितले. त्या बाईंचे नाव तिघांपैकी एकालाही आठवेना. तिथे कोणाला पानावर बसू देत नसत, हे विचारल्यावर तर दोघे गप्पच झाले. तिसऱ्या आजोबांनी थोड्या वेळाने एका वर्गमित्राचे नाव घेतले. तो खाणावळीच्या ओट्याखाली बसून घरून आणलेली भाकरी खात असे.

ते नाव मुलांनी वहीत लिहून ठेवले आहे. खाणावळीच्या बाईंचे नाव अजून शोधत आहोत. ज्यांच्या घरी कोणाला आठवत असेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात जरूर कळवावे. आपापल्या घरी आजी-आजोबांना हे चार प्रश्न विचारून जे कळेल, तेही मुलांनी एका पानावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. पुढच्या अंकात त्यातली निवडक पाने छापू.